उचलली की घेतली

आपा, तू गेलीस हे मला तुझ्या दाराबाहेरच्या चपलांनी सांगितलं. सकाळी लेकीला, मित्राला, शाळेच्या बसला सोडायला म्हणून दार उघडलं, तर समोर चपलाच चपला. ईदला असतात तशा. आधी मला रागच आला, की घरात काहीतरी कार्य आहे आणि या बाईनं मला कळवलंसुद्धा नाही. मग हनीफभाई दारात आले. इतकी वर्षं समोरासमोर राहून मी तुझ्या नवऱ्याचा आवाज फारसा ऐकलेला नव्हता, तू त्यांना बोलायला जागा ठेवशील तेव्हा ना. ते म्हणाले, "विशाखा, तुझी आपा गेली." एवढंच. मित्रा माझी ओढणी ओढत होती, "मम्मा, द बस." मी तिला बसला सोडून आले. काय करणार, बस थोडीच थांबते कुणासाठी.

दुपारच्या आत तुला नेलंही. तुमच्यात उशीर करत नाहीत हे ठाऊक होतं, तरी मला तो उशीर हवा होता. आमच्याकडं माणूस गेलं की गावाकडून येणाऱ्यांची वाट बघतात, तेवढ्या वेळात आपल्यालाही जरा पटतं. इथं मी ऑफिसात फोन करून लीव्ह मागेपर्यंत तुझा जनाजा जिन्यातून खालीसुद्धा उतरला. फोनवरच्या पोरीनं विचारलं, रिलेशन काय? शेजारणीसाठी लीव्ह नसते. मी म्हटलं, बहीण. तिनं विचारलं, सख्खी? मी म्हटलं, हो. श्रीवर्धनची माती मिळायला पाहिजे, म्हणायचीस. मिळाली इथली, बहरीनमधल्या मनामाची. मी तिथं येऊ शकत नव्हते, गॅलरीत उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत राहिले आणि मग घरात येऊन भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

आता तुझ्याशी बोलायचं तर अहो-जाहो करावं की काय, असं वाटून गेलं. मेलेल्या माणसाला लोक एकदम मान द्यायला लागतात. पण तू पहिल्याच दिवशी मला झापलं होतंस. आम्ही उम्म अल हस्सममध्ये नवे आलो होतो, तू सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाच्या भाकरी घेऊन दारात उभी, आणि मी वाशीमची शिकलेली सून असल्यासारखी "या ना, बसा ना, तुम्ही कशाला त्रास घेतला" करत होते. तू म्हणालीस, "अगो, तुम्ही कोणाला म्हणतंस? इथं मी एकटीच हाय." तेव्हापासून तू. माझ्या तोंडून रागात 'मले' निघायचं, तुझ्या तोंडून 'मना', आणि पुस्तकातलं 'मला' दोघी पाहुण्यांसाठी राखून ठेवायचो. माझा नवरा, मिलिंद, म्हणायचा, तुम्ही दोघी नेमक्या कोणत्या भाषेत भांडता तेच कळत नाही.

भांडायचो मात्र खरं. मीठ किती, पोरीला इंग्रजीत उत्तर का देऊ देतेस, बाबासाहेबांच्या जयंतीला खिरीत वेलची का नाही. जयंतीला तू यायचीस, हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसायचीस, आणि भाषणं लांबली की मोठ्यानं "खलास, खलास" म्हणायचीस. आमची मंडळी आधी दचकायची. मग तूच नसलीस की विचारायला लागली, आपा कुठं आहेत?

आपलं मोठं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून होतं, आणि ते तू अर्धवट टाकून गेलीस. म्हणून हे लिहिते आहे.

त्याची सुरुवात मंगलच्याही आधीची. एका शब-ए-बरातला मी तुझ्या स्वयंपाकघरात हलवा ढवळत होते. तू फातिह्यासाठी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं पुटपुटत होतीस. सासू, सासरे, तुझे अब्बा. शेवटी तू एक नाव घेतलंस, हलिमा. मी विचारलं ही कोण. तू सांगितलंस, तुमच्या घरातली कुणीतरी फार जुनी सून, इंग्रजांच्या काळातली. तांब्याचा एक हंडा चोरला म्हणून तिला धरलं आणि बोटीत घालून काळ्या पाण्यावर धाडलं. अंदमान की सिंगापूर की आणखी कुठं, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा म्हणे अशा पुष्कळ बायका धाडल्या. कुणी लुगडं उचललेलं, कुणी धान्य. त्यांच्या मागं घरच्यांनी त्यांची नावंच घेणं सोडलं.

मी लगेच उसळले. माझा स्वभावच तो. म्हटलं, आळ घेतला असणार, गरीब बाई दिसली की चोर तीच. तिनं कशाला चोरला असेल हंडा? तू हलव्यात तूप सोडत शांतपणे म्हणालीस, "चोरला होता गो. मोठ्या जावेचा होता. जावेनंच चावडीवर जाऊन सांगितलं. माझी दादी सगळं सांगायची." मला ते आवडलंच नाही. मी म्हटलं, मग तिच्या नावानं कशाला वाचतेस? तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "का? चोरणारी मेली की कोणाची नसते?" मला ते पटलं नव्हतं. तिनं चोरला नसणार, असंच मी मनात धरून ठेवलं. मला कुणासाठी रडायचं तर ते माणूस स्वच्छ लागतं, हे तू त्या दिवशीच ओळखलं असणार.

मग मंगलचं प्रकरण झालं. मंगल आमच्याच बाजूची, वाशीमकडच्या मालेगावजवळच्या खेड्यातली. नवरा वारलेला, मुलगी पूनम आजीपाशी ठेवून इथं घरकामाला आलेली. जयंतीच्या कार्यक्रमात भेटली, तेव्हा मागच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसली होती. मी हाताला धरून तिला पुढं आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. तेव्हापासून सुटी मिळाली की ती आपल्याकडं यायची. तू तिला अरबी शब्द शिकवायचीस आणि ती ते वऱ्हाडी हेलात म्हणायची. आपण तिघी हसून हसून थकायचो.

आणि एक दिवस तिचा फोन आला तो पोलीस ठाण्यातून. मॅडमच्या ड्रॉवरमधली कानातली कुडी तिच्या बॅगेत सापडली होती. एकच. जोडीतली दुसरी कधीच हरवलेली. मिलिंद त्या दिवशी सखीरला कॉलेजच्या एसींच्या कामावर होता, म्हणून आपण दोघी टॅक्सीनं गेलो. मला अरबी येत नव्हतं. तू तर अबायांना काठ लावता लावता बहरीनी बायकांशी गप्पा मारून ते शिकलेलीस, त्यामुळं कुठल्याही मराठी बाईची अडचण झाली की बोलावणं तुलाच. आत त्यांनी तुला एकटीलाच सोडलं. मी बाहेर बाकावर. काचेतून नुसती तोंडं दिसत होती. मंगलची मान खाली, तुझा हात तिच्या पाठीवर, आणि टेबलापलीकडं पोलिसातली बाई लिहून घेतेय.

बाहेर आलीस ती घामानं भिजलेली. मी विचारलं, काय म्हणाली? तू म्हणालीस, "म्हणाली, उचलली." मी म्हटलं, आणि तू काय सांगितलंस त्यांना? तू म्हणालीस, "खदत."

तेव्हा मला तो शब्द कळला नाही. पण नंतर मी शोधून काढला ना. ऑफिसातल्या बहरीनी मुलीला विचारलं. खदत म्हणजे घेतली. जमिनीवर पडलेली वस्तू उचलली असं म्हणायचं तर शालत. दोन्ही शब्द तुला येत होते. मंगल म्हणाली उचलली, म्हणजे झाडताना खाली पडलेली दिसली, उचलली, मॅडमला द्यायला ठेवली आणि विसरली. आपल्याकडं आपण असंच बोलतो. आणि तू एक शब्द बदलून तिला चोर केलंस. त्यावर पुन्हा तिला समजावलंस, कबूल कर, खटला नको, थोडे दिवस आत काढ, घरी जा. तिनं मान डोलावली. बायकांच्या तुरुंगात राहिली, मग बोटांचे ठसे घेऊन तिला विमानात बसवलं. परत येण्याचा रस्ता बंद. मी तिचे कपडे पोचवायला गेले तेव्हा तिनं माझ्याकडं नीट बघितलंही नाही. मला वाटलं, शरम वाटते बिचारीला, न केलेल्या गोष्टीची.

तू तेव्हा एक वाक्य बोलली होतीस. आधी चोरणाऱ्या बाईला समुद्रापार धाडायचे, आता समुद्रापारून घरी धाडतात, बोटीचं तोंड तेवढं फिरलं. मला त्याचाही राग आला. मला वाटलं, बाई स्वतःच्या हातानं एकीला बुडवते आणि वर बोलते बघा.

त्यानंतर आपण एकमेकींशी बोलत राहिलो, खात राहिलो, तू मित्राला संभाळत राहिलीस. पण दर थोड्या दिवसांनी मी ते उकरून काढायचे. सरळ वकील करायला हवा होता, म्हणायचे. आपल्या माणसांनी मान खाली घालून कबूल करायचे दिवस गेले, म्हणायचे. तू कधी म्हणायचीस, खटला चालला असता तर ती आतच सडली असती. कधी म्हणायचीस, तुला काय ठाऊक. आणि बहुतेक वेळा नुसती सुई ओवत बसायचीस. तुझं ते न बोलणं मला कबुलीसारखं वाटायचं.

शेवटचं तर तुला आठवतच असेल. वाशीमहून आईनं सांगितलं, मंगलच्या पूनमचं जमलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांना कुणीतरी कळवलं, हिची आई बहरीनला चोरी करून जेलात होती. मी तशीच तुझ्याकडं आले. तू चहा गाळत होतीस. मी दारातूनच म्हटलं, "झालं का समाधान? तुझ्या एका शब्दानं त्या पोरीचं लग्न मोडलं." हनीफभाई आतल्या खोलीत उठून गेले. तू माझ्यासमोर चहा ठेवलास, खाली बसलीस आणि म्हणालीस, "तुझा राग माझ्याकडंच राहू दे, विशाखा. दुसरीकडं कुठं नेऊ नको." मी चहा न घेता घरी आले. समोरच्या दारात तर जायचं, उद्या जाऊ, असं करत राहिले आणि मग त्या चपला दिसल्या.

आपा, माणूस गेल्यावर सगळे म्हणतात, मागं काही ठेवलं नाही, सुखानं गेली. तू माझ्यासाठी तो थंड झालेला चहा ठेवून गेलीस. सातवा-आठवा दिवस कसाबसा उलटला. तुझ्या घरात कुराण वाचायला बायका यायच्या, मी कोपऱ्यात बसायचे, खजूर वाटायचे. कुणी विचारलं की मी म्हणायचे, खूप जवळच्या होतो. तुझ्यावर राग होता आणि तुझ्यावाचून जीव जात होता, आणि दोन्ही एकाच वेळी कसं सोसायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

शेवटी मंगलला फोन केला. तिला कळवायलाच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मला कुणीतरी माझ्या बाजूचं हवं होतं. जिचं तू नुकसान केलंस तिनं तरी म्हणावं, ताई, तुम्ही बोललात ते बरोबर होतं. ती आता वाशीमला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. फोन उचलला तेव्हा मागं भांड्यांचा आवाज होता. मी सांगितलं, आपा गेल्या. मग तो आवाजही थांबला. ती बहुतेक बाहेर आली असावी. मग रडायला लागली, अशी की मी घाबरले. मी म्हटलं, मंगल, रडू नकोस, माणूस चांगलं होतं पण तुझ्या बाबतीत तिचं चुकलं, मी तिला तोंडावर सांगितलं होतं, उचलली आणि घेतली यात फरक असतो.

ती म्हणाली, "ताई, मी उचलली म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, चोरली."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पूनमनं त्या महिन्यात नाक टोचून घेतलं होतं, फोनवर दाखवलं होतं. नाकात कडुनिंबाची काडी घातली होती, म्हणत होती, आई, चमकी तू आण. आणि ड्रॉवरमध्ये ती एकटी कुडी पडलेली. मॅडमला दोन पाहिजेत, एक त्यांच्या काही कामाची नाही. "मले एकच पाहिजे होती ताई," मंगल म्हणाली. आणि मी सगळ्यांना सांगत फिरत होते, एक कुडी चोरून कुणी काय करणार! वऱ्हाडातली बाई मी, नाकात चमकी घालून मोठी झालेली, मला सुचलं नाही.

आत तू तिला विचारलं होतंस, खरं काय ते मला सांग, त्यांना काय सांगायचं ते मग बघू. ती म्हणाली, चोरली. तू तिच्या पाठीवर हात ठेवलास. मग त्या पोलीस बाईला म्हणालीस, खदत. मंगलला तेवढं अरबी येत होतं, तूच तर शिकवलं होतंस. ती म्हणाली, "चोरलीला इथं बागत म्हणतात ताई. मॅडम माझ्या तोंडावर तोच शब्द ओरडली होती. आपांनी तो वापरला नाही. घेतली म्हणाल्या फक्त."

मी विचारलं, आणि मला उचलली का सांगितलं? मला का फसवलं?

ती म्हणाली, मीच हातापाया पडले त्यांच्या. ताईंनी मला हाताला धरून पुढच्या रांगेत बसवलं होतं, त्यांना तेवढं नका सांगू. आणि तू तिला जवळ घेऊन, त्या खोलीत, म्हणाली होतीस, "नाय सांगत. तिला तुझ्यासाठी भांडू दे. या मुलखात तुझ्या बाजूनं भांडणारं एक तरी माणूस पाहिजे."

लग्नाचंही तिनं सांगितलं. ते मोडलं ते माझ्या चोरीमुळं, म्हणाली, आपांचं त्यात काही नाही. पूनमला तिनं सगळं खरं सांगितलंय. पूनम आठ दिवस बोलली नाही, मग बोलली. आता ती आईबरोबर मेसमध्ये येते. नाकात खोटी चमकी घालते, छान दिसते म्हणे. फोन ठेवताना मंगलनं मला विचारलं, "ताई, तुम्ही मला आता फोन कराल ना?" मी म्हटलं, करीन. तेवढ्यात गॅसवर पोळी जळली असं काहीतरी ती म्हणाली आणि गेली.

मी तुझ्या दाराशी गेले आणि परत आले. हनीफभाईंना काय विचारणार होते? ते म्हणाले असते, मना काय ठाऊक, आणि खरंच ठाऊक नसेल. तू त्यांनाही सांगितलं नसशील. अशी कशी गं तू? घरातलं मीठ संपलं तरी अख्ख्या बिल्डिंगला सांगणारी बाई, आणि एवढं पोटात ठेवून माझ्याकडून वर्षानुवर्षं ऐकून घेत राहिलीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, अगो गप्प बस, तुला माहीत नाय. मी गप्प बसले असते. नसते बसले कदाचित. माझं म्हणणं मी अजूनही पूर्ण सोडत नाही, हे तुला सांगून ठेवते. चोरली तर चोरली, पण एका एकट्या कुडीसाठी एका बाईला तुरुंग दाखवून परत धाडायचं? वकील करायलाच हवा होता. तू इथं असतीस तर आत्ता यावरून आपलं पुन्हा जुंपलं असतं.

पण तू जे सांगितलंस ते मी केलं, आपा. मंगलसाठी भांडले, जीव तोडून भांडले. फक्त या सगळ्या मुलखात माझं ऐकून घेणारी तू एकटीच होतीस, म्हणून सगळं तुझ्याशीच भांडले.